नवारीच्या पट्ट्यातला कॅमेरा

पट्ट्याचं एक टोक भाऊजींच्या मनगटाला, दुसऱ्या टोकाला कॅमेरा, आणि तो कॅमेरा दोन्ही हातांनी धरून गंगेच्या, म्हणजे आमच्या गोदावरीच्या, पाण्यात सायखेड्याची एक बाई. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. पंचवटीत जन्मले, जन्मभर गंगेवर पोट भरलं आणि पोहायला येत नव्हतं. असा माणूस नाशकात दुसरा झाला नाही, आणि कॅमेरे पाडण्यात तर अख्ख्या जिल्ह्यात झाला नसेल. वरून धरणाचं पाणी सोडलेलं, दुतोंड्या मारुतीच्या पायाला पाणी लागलेलं. भाऊजी पायरीवर बसकण मारून, टाचा दगडाला रोवून ओढत होते. मी वरच्या पायरीवर भाजीची पिशवी घेऊन उभी होते. पिशवी टाकली आणि त्यांची कंबर धरली. मागून माणसं धावत येईपर्यंत आम्ही दोघंच होतो.

ती पाण्यात कशी गेली ते सांगते, पण आधी पट्ट्याचं सांगायला हवं, कारण तो मी शिवला होता.

भाऊजी रामकुंडावर यात्रेकरूंचे फोटो काढायचे, मुहूर्त असले की लग्नामुंजीचे. फोटो काढताना स्वतः एक पाऊल हलायचे नाहीत. एक जागा धरली की झाडासारखे उभे, आणि सगळ्या जगाला हलवायचे. मागे व्हा, डावीकडे या, आजी मान वर, गुरुजी तुम्ही बाजूला. आणि हे तोंडाने सांगून भागायचं नाही, दोन्ही हात लागायचे. हात हलवताना हातात कॅमेरा आहे हे त्यांच्या ध्यानात राहायचं नाही. एका लग्नात नवरीच्या मामाला मागे सरकवताना कॅमेरा मठ्ठ्याच्या पातेल्यात गेला. भाऊजींनी ओगराळ्याने तो काढला, उपरण्याने पुसला आणि मला म्हणाले, "मठ्ठा थंड असतो वहिनी, काही होत नाही." मठ्ठ्याला काही झालं नाही हे खरं. पंगतीने तो संपवला. कॅमेऱ्याने मात्र पुन्हा डोळा उघडला नाही.

दुसरा तर त्यांनी भक्तीने मारला. खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. शेजारच्या सुताराने करवत-रंधा मांडला, मी विळी आणि कात्री ठेवली, भाऊजींनी कॅमेरा आणला आणि आमच्या देखत मोरीत नेऊन तांब्याभर पाण्याने धुतला. मी ओरडले तर माझ्याकडेच बघायला लागले. "हत्यार पारोसं कसं पुजायचं?" आत रोल होता, त्यात एक मुंज होती. ती सगळी वाहून गेली. तोवर बटूच्या डोक्यावर केस उगवले होते. त्याला परत तासून, परत सोवळं नेसवून पाटावर बसवला आणि परत फोटो काढले. आमच्या गल्लीत अजून म्हणतात, त्या पोराच्या दोन मुंजी झाल्या म्हणून तो एवढा हट्टी निघाला.

मग रोलचे दिवस सरले. गिऱ्हाईक विचारू लागलं, लगेच दाखवता का. भाऊजींनी घरातलं होतं नव्हतं ते घालून डिजिटल कॅमेरा आणला. तान्ह्या पोराला आणावं तसा दुपट्यात गुंडाळून आणला. यात रोलच नाही, म्हणजे आता धुतला तरी फोटो जायचे नाहीत, असं त्यांनी मला समजावलं. मी म्हटलं, तुम्ही धुऊच नका. त्यांच्या दोन मुलींची लग्नं व्हायची होती, आणि हा फुटला तर दुसरा येणार नव्हता, हे घरात सगळ्यांना कळत होतं. म्हणून मी मोडक्या खाटेची नवार काढली, दाभण घेतलं, पोती शिवायचा दोरा घेतला आणि बैलाला मोरकी घालतात तशी त्या कॅमेऱ्याला चहूबाजूंनी घातली. वर हातभर नव्हे, चांगला पुरुषभर लांब पट्टा ठेवला, म्हणजे गळ्यात घालून वर मनगटालाही गुंडाळता यावा. भाऊजींना ते आवडलं नाही.

"वहिनी, कॅमेरा आहे हा, बैल नाही."

"बैल परवडला. तो हातातून पडत नाही."

घाटावर लोक हसले. भाऊजी तोंड पाडून पट्टा घालत राहिले. पण कॅमेरा टिकला. किती वेळा हातातून सुटला आणि गुडघ्यापाशी लोंबकळला त्याला गणती नाही.

त्या श्रावणी सोमवारी सायखेड्याची बाई सासूला घेऊन आली होती. सासूची आंघोळ झाली, तशी बाई म्हणाली, आता माझा देवळासकट फोटो हवा. भाऊजी आपल्या जागेवर रोवलेले. त्यांनी तिला एक पायरी मागे घेतली. मग म्हणाले, "ताई, अजून जरा मागे. कळस येत नाहीये." पायरीला शेवाळ होतं. भाऊजींनी पडद्यावर पाहिलं तर कळस पूर्ण आला होता आणि बाई नव्हती.

त्यांच्याजवळ काठी नव्हती, दोर नव्हता. पोहता येत नव्हतं. हातात होती ती एकच वस्तू, जिच्यावर घर चालत होतं. पट्टा गळ्यातून काढून, टोक मनगटाला तसंच ठेवून ती त्यांनी फेकली. विचार केला नाही. कॅमेरा आधी पायरीवर आपटला, मग पाण्यात पडला, आणि बाईच्या हाताला लागला.

"ताई, कॅमेरा सोडू नका," भाऊजी ओरडले.

यावरून पंचवटीने त्यांना आयुष्यभर छळलं. बाई बुडत होती आणि ह्यांना कॅमेऱ्याची पडली होती, असं रिक्षावालेसुद्धा म्हणायचे. म्हणोत. मी त्यांची कंबर धरून होते. नवार त्यांच्या मनगटात रुतून कातडं निघालं होतं आणि ते रडत होते. पट्टा तुटला नाही. माझी शिवण आहे ती, तुटणार नव्हतीच.

बाई वर आली. सासूने तिच्या पाठीत दोन रट्टे घातले, पाणी काढायला घातले की रागाने ते सासूलाच ठाऊक. बाईने नाकातोंडातलं पाणी थुंकलं, कॅमेरा पोटाशी धरलेला तसाच ठेवला आणि विचारलं, "दादा, माझा फोटू आला का नाय?"

नाशकातल्याच द्वारका चौकातल्या दुरुस्तीवाल्याने कॅमेरा हलवला, आतलं पाणी वाजलं, तसा त्याने परत दिला. डिजिटलला पाणी लागलं की संपलं, म्हणाला. मिठाला पाणी सुटू नये म्हणून आपण त्यात तांदूळ टाकतो. मी कॅमेरा उघडा करून तांदळाच्या डब्यात पुरला, आणि भाऊजींना डब्याला हात लावू दिला नाही. बरेच दिवस आम्ही तांदूळ शेजारून आणले. मग एका सकाळी त्यांनी बटण दाबलं आणि तो लागला. पडद्याचा एक कोपरा काळा झाला होता, तो तसाच राहिला. त्या कोपऱ्यात काय आलंय ते भाऊजींना दिसायचं नाही, त्यामुळे पुढे कितीतरी कुटुंबांच्या फोटोत एक अनोळखी गाय आहे. सायखेड्याच्या बाईचा फोटो आत शाबूत होता. पडायच्या आधीचा, हसताना. भाऊजी एसटीने जाऊन घरी देऊन आले.

एक मात्र बदललं. त्या दिवसानंतर त्यांनी कोणाला मागे व्हा म्हटलं नाही. स्वतःच मागे सरायचे. भाजीवालीच्या कोथिंबिरीत बसले, एकदा नंदीवर आपटले, शिव्या खाल्ल्या, पण गिऱ्हाईक जागचं हलवलं नाही. मुलींची लग्नं त्याच कॅमेऱ्यावर झाली. मग लोकांच्या हातात फोन आले आणि भाऊजींना कोणी विचारेना. तरी ते रोज घाटावर जायचे आणि फोनवर फोटो काढणाऱ्या पोरींच्या मागे, पाण्याच्या बाजूला उभे राहायचे. का, ते कोणाला सांगायचे नाहीत. त्या पोरी त्यांना बाजूला व्हा म्हणायच्या.

भाऊजी तापाने गेले, पाण्याने नाही. तेराव्याला सायखेड्याची बाई आली. तिला कोणी कळवलं होतं ते मी विचारलं नाही. पंगतीला बसली, जेवली, माझ्याबरोबर भांडी घासली आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेली. आता तिला सून आहे, नातू आहे. गुडघे दुखतात म्हणते. पण आहे.