बाईंचं तणस

मेश्रामबाई गवत उपटताना त्याच्याशी भांडायच्या. "काहून रे, मायाच वाफ्यात जागा भेटली का तुले?" रायपूरजवळच्या बीरगांवात, शाळेतून निवृत्त झाल्यावर, त्या आम्हा पोरांना आपल्या ओसरीवर फुकट शिकवायच्या. आमच्या घरात कॉलेज कोणी पाहिलं नव्हतं. मी पाहिलं, ते त्या ओसरीमुळे.

पुढे गुडघ्यांनी बाईंचं वाकणं बंद केलं. अंगणात गवत माजलं. त्यांची मुलगी प्रज्ञादीदी वैतागली. "आई, अब ये तुमसे नहीं होगा. सीमेंट करवा देते हैं." तिला मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र हिंदीत यायचं. तिने सिमेंटची पोती पडवीत आणूनही ठेवली.

"हा एक पावसाळा दे मले," बाई म्हणाल्या. "गवत जिंकलं तं टाक तुयं सिमेंट." मग माझ्याकडे वळल्या. "लेका, तणस आणून दे गाडीभर."

दीदी हसली. "तण मारने के लिए और तण?"

"तण नाही पोट्टे, तणस! भाताचा पेंढा. इथचे लोक पैरा म्हणते ना, तेच. मले वाकता येत नाही, झाकता तं येते. ऊनच नाही भेटलं तं गवत वाढन कसं?"

रोपांच्या बुंध्याजवळ थोडी जागा मोकळी सोडून मी वाफ्यांवर तणस पसरलं. तरी गवत वर आलंच. दीदीने पोत्यांकडे पाहिलं. "बुलाऊँ मिस्त्री को?"

"पातळ चादरीत कोणाले झोप लागते?" बाई मला म्हणाल्या. "अजून टाक. चांगलं वीतभर."

जवळच्या कारखान्यांच्या काजळीने तणस काळं पडलं, पण गवत दबलं. चुकून एखादं डोकावलं, तर बाई खुर्चीतूनच ओढून काढत. पावसाळा सरला तेव्हा वांगी लगडली होती, आणि पडवीतलं सिमेंट ओलीने पोत्यातच दगड झालं होतं. त्यातला एक दगड बाईंनी वाफ्यांमध्ये ठेवून घेतला आणि त्यावर बसून वांगी तोडू लागल्या. "घे, आलं तुयं सिमेंट बागेत!" दीदीलाही हसू आवरेना.

गेल्या वर्षी बाई गेल्या. परवा तिकडे गेलो, तेव्हा वाटलं, आता अंगणात फरशी दिसेल. फाटक उघडलं, तर त्याच दगडावर दीदी बसलेली.

मी सवयीने हिंदीतच विचारलं, "क्या कर रही हो, दीदी?"

"तणस टाकून राहिली," ती म्हणाली. "ये, तूबी घे एक पेंढी."