भजनी मंडळातली एकच खुर्ची

चार बायका जमल्या की भजनं कमी होतात आणि किस्से जास्त. इथं हिंदी मुलखात, स्नेहलतागंजातल्या आमच्या भजनी मंडळाकडे तर फक्त सांधेदुखीचेच पोतंभर आहेत. आमच्यात सगळ्या सतरंजीवर बसतात. खुर्ची एकच, जिचे सांधे सगळ्यांत जास्त दुखतात तिची. कित्येक वर्षं ती माझी होती.

*

शैला माझी शाळेपासूनची मैत्रीण. एका गुरुवारी तिची बोटं इतकी सुजली की टाळ धरवेना. घोटे, गुडघेही तसेच. मंडळ चालवणाऱ्या कुमुदताई मला म्हणाल्या, "मालती, जरा उठतेस का? बेचारीला बसू दे."

बेचारी! आणि माझे गुडघे काय शोभेचे आहेत? उठले मी, पण भैरवीपर्यंत टाळ आपटत राहिले.

*

शैलाचा नवरा तिला डब्याचं झाकणसुद्धा उघडून द्यायला लागला. मी घरी येऊन आमच्या यांना ऐकवलं. हे म्हणाले, "पण तुला उघडता येतं ना?"

येतं. तिथंच तर सगळं अडलंय.

*

त्यात ती बारीक व्हायला लागली. पोहे-जलेबी आमच्याइतकीच खायची, तरी ब्लाउज ढगळ.

"कसलं डाएट करतेस गं?"

"काही नाही गं, अपने आप उतर रहा है."

मी त्या दिवसापासून जलेबी सोडली. काटा जागचा हलला नाही.

*

संधिवाताच्या गोळ्यांनी शैलाची सूज काही हटेना. मग नव्या डॉक्टरांनी बोटं सोडून तिची मानच चाचपली. गाठ लागली. बायोप्सीत लिम्फोमा निघाला, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर. सांधे सुजत होते तेही त्याच्यामुळेच.

तिनं पहिला फोन मला केला. "मालू, आता खुर्ची पक्की माझी हं."

मला रडू आलं आणि रागही आला. अशा वेळीसुद्धा जोक हिनंच मारायचा.

किमो सुरू झाली, शैला येईनाशी झाली. कुमुदताई दर गुरुवारी म्हणायच्या, "बैठ ना मालती, कुर्सी खाली तो है." गुडघे ठणकत होते, पण मी त्या खुर्चीत बसले नाही.

*

किमो संपल्यावर शैला आली. डोक्याला स्कार्फ, अंगावर मांस म्हणून नाही. सगळ्या खुर्ची पुढे करायला धावल्या. तिनं ती बाजूला सरकवली आणि सतरंजीवर चक्क मांडी घातली.

"गाठी विरल्या, त्यांच्याबरोबर सूजही गेली," म्हणाली आणि टाळ वाजवून दाखवला.

अशी मांडी मला कित्येक वर्षांत जमलेली नाही. भयंकर जळले मी. हट्टानं तिच्या शेजारी खालीच बसले.

आरतीला सगळ्या उभ्या राहिल्या. माझा गुडघा उघडेना. शैलानं हात पुढे केला.

"तुझी बोटं दाबली जातील गं," मी म्हटलं.

"दाब," ती म्हणाली. "जोरात दाब."