रस्ता वर गेला

परतूर सोडून जालन्यात घर घेतलं तेव्हा तीन पायऱ्या चढून आत जावं लागायचं. आता चार पायऱ्या उतरून जातो. घर जिथल्या तिथंच आहे, वर गेला तो रस्ता. आमच्या गल्लीत जुना रस्ता कुणी खोदत नाही, त्याच्यावरच नवा ओततात. मी दर वेळी भांडलो. शेवटच्या वेळी ठेकेदाराचा माणूस म्हणाला, "काका, खोदाई मंजूरच न्हाई. तुम्हीच घर उचलून घ्या ना, जॅक लावून बराबर उचलतात आजकाल."

आता खिडकी रस्त्याला टेकली आहे. भाजीवाली कोथिंबिरीची जुडी वरून थेट आमच्या टेबलावर टाकते. शेजारची बकरी गजांतून तोंड घालून टीव्ही पाहते. बायको म्हणते, "पाहू द्या, ती तरी चॅनल बदला म्हणत न्हाई." आणि मी अख्खी गल्ली चपलांवरून ओळखायला लागलोय. परवा बाजारात एकानं हटकलं. त्याच्या पायांकडे पाहिलं तेव्हा कळलं, हा तर शेजारचाच!

मग निवडणूक आली. एका सकाळी खिडकीत चकचकीत काळे बूट येऊन थांबले. गुडघे वाकले, जोडलेले हात दिसले आणि सगळ्यात शेवटी आमच्या नगरसेवकाचा हसरा चेहरा.

"काका, ओळखलं का?"

"चेहरा तर बॅनरवर रोज पाहतो," मी म्हणालो. "पाय मात्र इथं आज पहिल्यांदाच दिसून राह्यले."