शुक्रवारी बोलू

आमच्या घरी भांडणं शुक्रवारी होतात. बाकीचे सहा दिवस भांडायची सोयच नाही. नारपोलीत आमच्या स्वयंपाकघराची भिंत आणि मागच्या लूमच्या कारखान्याची भिंत एकच आहे, आणि तिथे दिवसरात्र खडखडाट चालू असतो. शुक्रवारी कारखाने बंद. तेवढा एक दिवस माणसाचं बोलणं माणसाला ऐकू येतं. एरवी आम्ही ओठ हलवतो नि हात करतो. मूठ तोंडाकडे नेली की चहा, दोन बोटं म्हणजे दोन भाकऱ्या. काही महत्त्वाचं निघालं की "शुक्रवारी बोलू" म्हणायचं नि जेवायला बसायचं. लेकीचं लग्नसुद्धा शुक्रवारीच ठरलं. आता ती कल्याणला असते. घरात आम्ही दोघंच, मी आणि आमचे हे. मागच्याच कारखान्यात हे जॉबर आहेत, म्हणजे बिघडलेले लूम दुरुस्त करणारे. उभा जन्म त्या आवाजात गेला त्यांचा.

गेल्या वर्षी घरातल्या सगळ्या वस्तूंनी मिळून माझ्याविरुद्ध संप पुकारला. मोरीतला नळ गळायला लागला. शेगडीचा मोठा बर्नर अर्धाच पेटायचा, त्यामुळे भाकरी एका बाजूनं करपायची नि दुसऱ्या बाजूनं पांढरीफटक राहायची. न्हाणीघराची कडी वर उचलायची, आत ढकलायची, मग देवाचं नाव घेऊन लावायची. वाळत घातलेल्या कपड्यांवर कारखान्यातली रुई बसते ते नेहमीचंच, पण त्या वर्षी तीही मुद्दाम माझ्याच साड्यांवर बसते असं वाटायचं. त्यात आमच्याकडे पाणी एक दिवसाआड. ते थेंबाथेंबानं वाया जाताना बघून माझा जीव तुटायचा. मी नळाखाली बादली ठेवली आणि शुक्रवारची वाट बघायला लागले.

शुक्रवारी मी सांगायचे आणि हे म्हणायचे, "हो, बघतो." पुढच्या शुक्रवारी पुन्हा सांगायचे. "हो, बघतो." माझी जीभ तशी वेगानंच चालते, आणि राग आला की तिला लगामच नसतो. हे माझ्या तोंडाकडे एकटक बघत शांत बसायचे आणि मी दमले की तेच चार अक्षरी उत्तर द्यायचे. एकदा मी म्हटलं, "अहो, कडीमुळे मी तासभर आत अडकले होते." त्यावरही "हो, बघतो." अडकल्यावर काय बघणार, कपाळ? सगळ्या मोहल्ल्याचे लूम नीट करणारा माणूस, त्याला घरातला एक नळ नीट करता येत नाही म्हणजे काय?

खरं सांगते, नळाचं मला फारसं काही नव्हतं. इतक्या वर्षांच्या संसारात माझ्या शब्दाला या माणसाच्या लेखी काडीची किंमत उरली नाही, हे मनाला लागलं होतं. एका गुरुवारी मी पिशवी भरली. तीन साड्या, गोळ्या, चष्मा. आवाजापासून लांब, गल्लीच्या टोकाला जाऊन अंजूरला भावाला फोन केला. तो म्हणाला, "ये गो बाय, मागची खोली रिकामीच हाय. पण झालाय काय?" मी म्हटलं, उद्या शेवटचं बोलते आणि येते. मी उगाच पिशवी भरणाऱ्यातली नाही. भरली की निघते.

शुक्रवारी सकाळी हे दाराशी पेपर वाचत बसले होते. मी मोरीत भांडी घासत होते. एरवी मी समोर उभी राहून, हातवारे करून बोलते. त्या दिवशी पाठ केली, कारण रडू येत होतं आणि ते त्यांना दिसायला नको होतं. तशीच बोलत सुटले. नळ, कडी, बर्नर, सगळं झालं. मग म्हटलं, "तुम्हाला माझी गरज नाही. मी आज अंजूरला चाललेय, परत कधी येईन ते माहीत नाही."

मागून काही नाही. नळ तेवढा टपटपत होता. मी आणखी दोन गोष्टी बोलले, त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत. पेपरचं पान उलटल्याचा आवाज आला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ओल्या हातानंच मी वळले.

यांनी पेपरातून मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि अगदी प्रेमानं विचारलं, "आज इतकी गप्प का गं?"

मला आधी वाटलं, टोमणा मारताहेत. पण चेहरा साधा होता. मी पुन्हा पाठ फिरवली आणि नेहमीच्या आवाजात म्हटलं, "चहा ठेवू?" उत्तर नाही. चहाला नाही न म्हणणारा हा माणूस. मग मी त्यांच्या मागे जाऊन स्टीलचं ताट हातातून सोडलं. शेजारची बाई दारात येऊन बघून गेली. हे पेपर वाचत होते.

कारखान्यात कोणालाच काही ऐकू येत नाही, म्हणून यांना येत नाही हे कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. आणि घरी सहा दिवस आम्ही ओठांवरच बोलतो. राहिला शुक्रवार. त्या दिवशी मी इतक्या भरभर बोलायचे की ओठ वाचता यायचे नाहीत. कसलीतरी तक्रार आहे एवढं कळायचं, आणि कुठल्याही तक्रारीला "हो, बघतो" चालतं. टीव्हीवरच्या बातम्या आवाज बंद करून बघायचे, तेव्हा मला वाटायचं, माझं डोकं दुखू नये म्हणून करतात.

मी त्यांच्या समोर बसले आणि सावकाश विचारलं, "कधीपासून?" त्यांनी पेपरची घडी घातली, पुन्हा उलगडली. म्हणाले, "दोन वर्षं झाली असतील. जॉबर बहिरा झाला हे शेठला कळलं तर कोण ठेवील? लूम कुठे अडकतोय ते कानानंच कळतं. मी आता हात ठेवून ओळखतो." मग म्हणाले, "आणि तुला सांगितलं असतं तर तू रडली असतीस." मी रडतच होते.

भावाला फोन करून सांगितलं, येत नाही. तो म्हणाला, "भांडान मिटला?" मी म्हटलं, भांडण झालंच नाही, माझी मी एकटीच भांडत होते.

लेकीनं कल्याणला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. मशीन मिळालं. शेठला सांगायला हे तयार नव्हते, शेवटी मीच सोबत गेले. शेठ हसला, म्हणाला, "काका, इधर किसको सुनाई देता है?" आणि यांना कामाला पिटाळलं. कारखान्यात हे मशीन काढून खिशात ठेवतात. तिथे हात पुरतो.

मधल्या दिवसांत मी घरातल्या कशाबद्दल एक चकार शब्द काढला नाही. बर्नर अर्धा पेटतो, मी भाकरी फिरवते. कडीची युक्ती आता मला अंधारातही जमते. पिशवीतल्या साड्या कपाटात गेल्या, त्यांच्यावर रुई आहेच.

मशीन लावल्यानंतरचा पहिला शुक्रवार. मी चहा गाळत होते. हे अंथरुणातून उठले, कानाला मशीन लावलं आणि घरभर काहीतरी शोधत फिरायला लागले. मोरीपाशी जाऊन थांबले. कपाळाला आठ्या घालून माझ्याकडे वळले.

"अगं, हा नळ गळतोय. किती पाणी वाया जातंय. सांगायचं नाही का? कधीपासून गळतोय?"

वर्षभराचे सगळे शुक्रवार माझ्या जिभेवर आले होते.

"आजच सुरू झालाय," मी म्हटलं, आणि त्यांना पाना आणून दिला.