सही करून आणलेली पोरगी

पल्लवी, ये वं इकडे. अशी कूलरसमोर बस, दारात उभी राहून बोलू नको. हातात तो रंगीत कागद कसला, दाखव आधी. सुट्टीतलं हस्तकला शिबिर, सुरक्षित वातावरण. आणि तू नुसतं फुलपाखराचं चित्र पाहून पोरीचं नाव घालायला निघालीस? एकदा आत डोकावून यावं, एवढंही सुचलं नाही? शिकलेल्या ना तुम्ही?

आता ऐक. गेल्या उन्हाळ्यात मी भर दुपारी दुसऱ्याची पोरगी उचलून आणली. तीही रीतसर सही करून.

माझी लेक वैशाली अकोल्याला वकिली करते, ते तुला माहीत आहे. तिची ओवी सहा वर्षांची. सुट्टीत ओवीला इथं अमरावतीला ठेव म्हटलं, तर वैशालीनं माझीच उलटतपासणी घेतली. जिन्याला कठडा आहे का, दुपारी तुझा डोळा लागला तर पोरीकडे कोण पाहील. शेवटी म्हणाली, "आई, पंधरा दिवस ठेवून पाहते. एक जरी गडबड झाली ना, तर मी तिले घेऊन जाईन. पुढच्या सुट्टीत ती पुण्याले, आत्याकडे."

वर्षभर त्या पोरीची वाट मी पाहायची, आणि ती जाऊन बसणार पुण्याला! मी म्हटलं, गडबड? माझ्या हातून?

म्हणून तुझ्या या कागदावरचंच शिबिर मी शोधलं. शिबिर कसलं, बंगल्याशेजारची गाडी ठेवायची शेड. वर पत्रा, महिना मे. आत पापड ठेवले असते तर भाजून निघाले असते. शिकवणाऱ्या मिसची सगळी कला मोबाइलमध्ये. एका हातानं मोबाइल सरकवायची, दुसऱ्या हातानं पोरांना दाखवायची. (रेंज गेली की मधली सुट्टी.)

पहिल्या दिवशी ओवीनं कागदाचा झेंडू केला. मी वलगावची, आमचा फुलांचा मळा, झेंडू तोडत लहानाची मोठी झाले. तो झेंडू पाहून मी विचारलं, "हा कांदा कोणं केला?" दुसऱ्या दिवशी मेंढी. कागदावर मेंढी काढायची आणि अंगावर कापूस चिकटवायचा. कापूस कुठला? औषधाच्या दुकानातला, निळ्या कागदात गुंडाळलेला! तिकडे दर्यापूरला लोकांच्या घरात कापूस छताला टेकतो, आणि आमच्या वऱ्हाडातल्या मेंढ्या औषधाच्या दुकानातून लोकर आणतात.

सुरक्षिततेचं तर नावच काढू नको. गरम डिंकाची बंदूक जमिनीवर, तिची वायर दारातून आडवी, आणि वायरीला खेटून पाण्याचा माठ. भिंतीवर लाल फुली काढलेली औषधांची पेटी. मी उघडून पाहिली. आत मिसचा जेवणाचा डबा.

"मिस, पोराचं बोट कापलं तर काय लावता? भेंडीची भाजी?"

"आजी, आमच्याकडे आजपर्यंत काहीच झालं नाही."

"तुमचं शिबिर परवा सुरू झालं, बाई."

मग मी रोज जाऊन त्यांना सुधारू लागले. वायर उचलायला लावली, माठ हलवायला लावला. दोन नियम तर खास माझे. एक, सहीशिवाय लेकरू कोणाच्या हाती द्यायचं नाही. दुसरा, बारा वाजता लेकरू उघड्या डोक्यानं बाहेर काढायचं नाही. आपण बांधतो तसं डोकं, कान, तोंड दुपट्ट्यानं घट्ट बांधायचं, डोळे तेवढे उघडे. मिसनं पांढऱ्या कापडाचे बारा सारखे तुकडे फाडून आणले. अंगात शिबिराचे पिवळे सदरे होतेच. ती सगळी पोरं रांगेत पाहून मला काय अभिमान वाटला म्हणून सांगू. वैशालीला फोन केला, तुझ्या आईनं शिबिर सुधारलं बरं का.

सहाव्या दिवशी घ्यायला गेले. मिसनं मोबाइलमधून मान न काढता हाक मारली, "चला, आजी आली." एक पांढरं गाठोडं उठून आलं. मी सही केली, गाठोड्याचा हात धरला आणि ऑटोत बसवलं.

"काय बनवलं आज?"

गाठोडं गप्प.

"रागावली काय? बरं, नको बोलू. उन्हात तोंड उघडलं की झळ पोटात जाते."

घरी आणून आमरसाची वाटी पुढे ठेवली. गाठोड्यानं स्वतःच दुपट्टा सोडला. ओवीच्या दोन वेण्या, हिचा बॉयकट. पुढचे दोन दात गायब.

"तू कोण वं?"

"तनू."

"मंग माह्यासंगं आली कावून?"

"पप्पानं सांगतलं होतं, परतवाड्याची आजी घ्यायले येईन. मी तिले लहानपणी पाह्यलं होतं, आता आठवत नाही."

"अवं पण बोलायचं तरी."

"तुमीच म्हटलं, नको बोलू म्हणून." तिनं रिकामी वाटी पुढे केली. "आजी, अजून आहे काय?"

ओवी कुठे असेल? मी हिला नेली, तशी तिला कोणी नेली तर? तनूला काखोटीला मारलं आणि तशीच अनवाणी ऑटो गाठला.

शेडमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर परतवाड्याची आजी बसली होती. समोर माझी ओवी, दुपट्टा सुटलेला. माझा जीव भांड्यात पडला. मिसनं त्या बाईला सांगितलं होतं, एकच उरली आहे, हीच असेल तुमची. पण बाई हुशार. "मी दुपट्टा सोडून पाह्यला, फोटोतली पोरगी दुसरी आहे," म्हणाली. तनू दिसताच तिनं तिला जवळ ओढलं आणि मला म्हणाली, "तुमी नाही पाह्यलं काय सोडून?"

मी ओवीकडे हात केला. तर मिसनं वही आडवी धरली.

"आजी, तुमची नात गेली. ही बघा तुमची सही. एका सहीवर एकच मूल."

"अवं, समोर बसली ना ती. ओवी, सांग बरं यायले, मी कोण?"

ओवीनं मला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं. डोळे रडून लाल झालेले. "माही आजी मले ओळखते," म्हणाली आणि तोंड फिरवलं.



शेवटी मिसनं अकोल्याला फोन लावला, स्पीकरवर. जिला कळू नये तिलाच! "मॅडम, एक आजी आल्या आहेत, नात मागतात. पण त्यांनी मघा एक नेली होती."

मग वैशाली म्हणाली, "काय करून राहिल्या त्या आता?"

"वायर पुन्हा आडवी कावून टाकली, म्हणून मले रागावून राहिल्या."

"मंग आईच आहे ती. द्या पोरगी. मी येते संध्याकाळी, घेऊन जाते."

आणि आलीच ती. आल्या आल्या ओवीचे कपडे भरले. निघताना ओवी गळ्यात पडायला आली, पण दोन पावलांवर थांबली. "मी कोण?" म्हणाली. मी "ओवी" म्हटलं, तेव्हा कुठे पडली.

पुण्याला नाही पाठवलं, एवढी दया केली लेकीनं. यंदा तिला अकोल्यातच एका शिबिरात घातलं. बंद फाटक आहे, पेटीत औषध आहे. (झेंडू अजून कांद्यासारखाच येतो, ते जाऊ दे.) अर्जात एक रकाना होता, मूल कोणाच्या हाती देऊ नये? माझी लेक वकील, रिकामा रकाना तिला चालत नाही. तिथं माझं पूर्ण नाव आहे, सोबत फोटो.

म्हणून म्हणते, आधी त्या शेडमध्ये जाऊन पेटी उघडून बघ, मग नाव घाल. आणि रविवारी लेकीला घेऊन ये माझ्याकडे. मोगरा ढीगभर येतो, गजरा शिकवीन तिला. घर अगदी खायला उठतं गं, लवकर ये. फक्त जाताना नीट बघून, आपलीच पोरगी घेऊन जा. माझ्या भरवशावर राहू नको.