आवाज मधोमध हवा

जुनी साऊंड सिस्टिम घ्यायची तर शंकासुराला बरोबर न्यायचं, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. रेडिओ दुरुस्त करण्यात हयात गेलेला माणूस. त्याचं खरं नाव आता फक्त पोस्टमनच घ्यायचा. विकणारा हसला तरी याला संशय, नाही हसला तरी संशय. नव्या खोक्याचं सीलसुद्धा हा नखाने खरवडून बघायचा. पण वीस वर्षांत त्याने पास केलेला एकही स्पीकर कुणाला परत न्यावा लागला नव्हता. त्याचं नाव आणि पोट दोन्ही त्याच्या कानांवर चालत होतं.

आता खुद्द बायकोने मागणी केली होती. गुडघ्यांमुळे तिचं थिएटरला जाणं बंद झालं होतं. "आयुष्यभर लोकांचं तपासलंत, आता आपल्या घरात एक आणा की," ती म्हणाली. झालं, स्वारी कामाला लागली. चार घरी चार सेट बघितले आणि चारही नापास केले. सगळीकडे दोष एकच, डाव्या स्पीकरचा आवाज दबलेला. चौघांनाही त्याने तोंडावर लबाड म्हटलं. चौथा बिचारा चष्म्याचा दुकानदार. शेजाऱ्यांसमोर बोलणी खाऊन तो अगदी रडकुंडीला आला होता.

पाचवा सेट एका निवृत्त नर्सबाईंकडे होता. या वेळी बायकोही गुडघे सांभाळत बरोबर आली होती. मुलाच्या छोट्या घरात राहायला जायचं म्हणून त्या विकत होत्या. किंमत ऐकली आणि याच्या मनात पाल चुकचुकली.

"इतकं स्वस्त कसं काय?"

"मुलाकडे माझ्या खाटेलाच जेमतेम जागा आहे, भाऊ. हे कुठे ठेवू?"

उत्तर फारच सरळ होतं, म्हणजे नक्कीच पाणी मुरत होतं. त्याने पुढच्या जाळ्या काढल्या, आतल्या रबरी कडेवरून बोट फिरवून कुठे नवा गोंद लागतोय का ते पाहिलं. मागचे नंबर जोडीचेच आहेत ना, हे दोनदा वाचलं. घड्याळातला सेल स्पीकरच्या तारांना टेकवून प्रत्येक पडदा हलतोय याची खात्री केली. अॅम्प्लिफायरचं बटण हळूहळू फिरवलं, तर खरखरसुद्धा नाही. एवढं निर्दोष बघून त्याचा संशय आणखीच वाढला.

शेवटी खिशातून पेनड्राइव्ह निघाला. त्यात बायकोचा आवाज होता, एक ते पन्नास आकडे मोजणारा. फार वर्षांपूर्वी त्यानेच रेकॉर्ड केलेला. दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये उभं राहायचं आणि आवाज मधोमध आला पाहिजे, अशी त्याची परीक्षा.

सातव्या आकड्यालाच तो म्हणाला, "डावा दबलाय. वाटलंच होतं."

"अदलाबदल करून बघा ना," नर्सबाई म्हणाल्या.

त्याने स्पीकर उचलून इकडचा तिकडे केला आणि मोजणी पुन्हा लावली. तरी डावीकडचाच दबलेला. मग अॅम्प्लिफायरच्या तारा बदलल्या, तरी तेच. कोपऱ्यातल्या स्टुलावरून बायको म्हणाली, "मला तर दोन्हीकडून सारखंच येतंय." आता त्याला बायकोचाच संशय आला. या दोघींचं आधी फोनवर काही ठरलंय की काय?

नर्सबाई बराच वेळ त्याच्याकडे बघत होत्या. "भाऊ, जागेवरच मागे वळा. पाठ करून ऐका बघू."

काय चलाखी आहे ते पकडायचंच, म्हणून तो वळला. एकोणतीस, तीस, एकतीस. इतका वेळ खणखणीत वाजणारा स्पीकर आता त्याच्या डाव्या हाताला होता, आणि तोच दबला होता. तो पुन्हा वळला, पुन्हा फिरला. मोजणी पन्नासावर येऊन थांबली. वीस वर्षांत त्याने प्रत्येक तार तपासली होती, फक्त स्वतःला कधी तपासलं नव्हतं. त्याला भीती वाटली, आणि त्याहून जास्त लाज वाटली.

"कान डॉक्टरांना दाखवा. पुष्कळदा उपाय असतो," नर्सबाई हलकेच म्हणाल्या. सेट ठरला. घासाघीस करायचं त्याला सुचलंच नाही.

जिना उतरताना बायको सवयीने त्याच्या उजव्या बाजूला आली. तो थांबला.

"तू हल्ली नेहमी याच बाजूने चालतेस."

"दीड वर्ष झालं. डावीकडून बोललेलं तुम्हाला ऐकूच येत नाही."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं की! तेव्हा म्हणालात, तुला कुणीतरी शिकवून पाठवलंय."

त्याला आठवलं. अगदी शब्दन् शब्द आठवला. तो दोन पायऱ्या उतरला.

"तो चष्मेवाला," मग तो म्हणाला, "कुठल्या गल्लीत राहतो गं?"

आणि उत्तर नीट ऐकू यावं म्हणून त्याने उजवा कान तिच्याकडे केला.