उपवासाला चालतं

एकाहत्तरची लढाई संपून काही महिने झाले होते, तेव्हा माझी बदली नगर छावणीत झाली. आर्मी मेडिकल कोअर, ट्रेड नर्सिंग असिस्टंट, रँक लान्स नायक. माझं घर याच जिल्ह्यातल्या पुणतांब्याचं. त्यामुळे सोबत्यांनी चिडवलं, की सरकारने शिंदेला माहेरी पाठवलंय. निवृत्त झाल्यापासून लोक मला एकच विचारतात, लढाईत किती मारले. मी लढाईत बंदुकीपेक्षा स्ट्रेचर जास्त धरलं. माझ्या चुकीने जो माणूस गेला तो पारनेर तालुक्यातला होता, आपला होता, आणि तो लढाईनंतर गेला. त्याचं लिहायचं ठरवायला मला फार वर्षं लागली.

छावणीच्या टोकाला एका जुन्या बराकीत बारा खाटा टाकून तात्पुरता वॉर्ड उघडला होता. लढाईनंतर जे ना धड आजारी, ना धड फिट, ते जवान तिथे ठेवत. ०६०० ला तापमान, ०७०० ला चहा, ०९०० ला मेजर साहेबांचा राउंड, १४०० ते १६०० भेटीची वेळ. मेजर साहेब वॉर्डाचे डॉक्टर, केरळचे. माणूस शांत, कामाला काटेकोर, मराठीचा गंध नाही. वॉर्डात मराठी पेशंट आला की दुभाषाचं काम माझ्याकडे.

नायक ज्ञानदेव औटी त्र्याहत्तरच्या जानेवारीत आला. तोफखान्यातला, वय अठ्ठावीस, लढाईत ओरखडाही न लागलेला. त्याचा आजार चारचौघांत सांगायला लाज वाटावी असा. अंगावर गांधी उठायच्या. पाठीवर, मांड्यांवर, कधी पापण्या सुजून डोळे मिटायचे. दोन-चार तासांत उतरायच्या आणि आठवड्याने पुन्हा यायच्या. गनवर ड्यूटी असताना दोनदा त्याला खाली बसावं लागलं होतं. युनिटने लिहून पाठवलं, इलाज करा नाहीतर कॅटेगरी ठरवा. म्हणजे मेडिकल बोर्ड. बोर्डाने अनफिट म्हटलं की पेटी भरून घरी.

घरी काय होतं ते सगळ्या जिल्ह्याला माहीत होतं. विहिरी कोरड्या, बैल चारा-छावणीला किंवा बाजाराला. औटीची बायको दुष्काळी कामावर खडी फोडत होती. रेशनवर परदेशातून आलेली लाल ज्वारी मिळायची, लोक तिला मिलो म्हणत. त्या भाकरीवर घर चाललं होतं आणि बाकी सगळं औटीच्या मनीऑर्डरवर. आई, बायको, तीन वर्षांची पोरगी.

पहिल्या दिवशी मेजर साहेबांनी विचारलं, "क्या क्या खाता है? सब लिखो."

औटीने सांगितलं, मी लिहिलं. चपाती, भात, डाळ, भाजी, दूध, अंडी, मटण. सुट्टीवर गेल्यावर भाकरी, पिठलं. त्याच्या पेटीत एक रिकामा पत्र्याचा डबा होता. आई त्यातून शेंगदाण्याची चटणी पाठवायची आणि तो ती लंगरच्या, म्हणजे पलटणीतल्या, जेवणाबरोबर आठवड्यातून एकदा-दोनदा खायचा, संपू नये म्हणून पुरवून पुरवून. तो डबा मी स्वतः पेटीतून काढून खिडकीत ठेवला. पण चटणी यादीत आली नाही. त्याला ती खाणं वाटली नाही आणि मलाही नाही. आमच्याकडे शेंगदाण्याचं कूट मिठासारखं असतं. मीठ खातोस का, असं कोण विचारतो?

मेजर साहेबांनी पथ्य लावलं. आठ दिवस फक्त भात, उकडलेला दुधी भोपळा, मीठ, साखर आणि बिनदुधाचा चहा. नवव्या दिवसापासून दर तीन दिवसांनी एक पदार्थ वाढवायचा. दिवसातून तीनदा अंग तपासायचं आणि रजिस्टरमध्ये लिहायचं. तारीख, वेळ, काय खाल्लं, अंगावर काय दिसलं. रजिस्टर माझ्या ताब्यात.

औटी पथ्याला पक्का निघाला. शेजारच्या खाटेवर पाय प्लास्टरमध्ये घातलेला एक शीख शिपाई होता. तो मुद्दाम पराठा दाखवून चिडवायचा. औटी हसायचा आणि भिंतीकडे तोंड करून दुधी गिळायचा. चौथ्या दिवसापासून गांधी थांबल्या. गहू दिला, काही नाही. दूध दिलं, काही नाही. तूरडाळ, बटाटा, अंडं, काही नाही. माणूस वाळला, पण कातडी लख्ख. रोज तो मला विचारायचा, "शिंदे, काय लिवलं?"

"निल."

"निलच ठेवा. बोर्डाच्या दिवसापतुर निल."

"मी ठेवून काय होतंय दादा? तुमच्या अंगाने ठेवायला हवं."

"ठेवीन की. उपाशी ऱ्हायलो तरी चालंल."

बोर्ड महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी १००० वाजता होतं. पहिले तीन दिवस सोडले तर पाच आठवड्यांचं रजिस्टर निल. मेजर साहेबांनी सांगून ठेवलं होतं, की एवढं रेकॉर्ड पाहून बोर्ड त्याला ठेवून घेईल, उरलेले पदार्थ नंतर तपासू. शिवरात्रीच्या आदल्या दिवशी राउंडला मी म्हणालो, "सर, कल औटी का उपवास है. मेरा भी."

"फास्ट? अच्छा है. पेट को आराम मिलेगा. सिर्फ पानी?"

"यस सर," मी म्हणालो.

त्या दोन शब्दांवर मी आयुष्यभर अडकून आहे. साहेबांच्या मते उपवास म्हणजे काही न खाणं. माझ्या मते उपवास म्हणजे उपवासाचं खाणं. पण साहेबांना कुठे समजावत बसा, म्हणून यस सर. आम्ही दिवसातून शंभरदा यस सर म्हणत असू.

शिवरात्रीला १४१० वाजता औटीची आई आली. एकटी. पारनेरहून एस.टी.ने येऊन स्टँडपासून चालत आली होती. कमरेत वाकलेली, पायांत टायरच्या चपला, कडेला फडक्यात बांधलेला डबा. बोर्ड उद्या आहे हे तिला माहीत होतं.

"देवाला जाऊन आले," ती म्हणाली. "म्हनलं, पोराला चार घास घालावं. किती वाळलास रं."

डब्यात भगर होती आणि शेंगदाण्याची आमटी. त्या साली शेंगदाणे दिसत नव्हते. पेरायला राखून ठेवलेल्यातले मूठभर काढून तिने वाटले होते.

औटीने डब्याला हात लावला नाही. माझ्याकडे बघितलं. "शिंदे, हे चालंल का? पथ्य हाय."

"अरं उपासाचं हाय," म्हातारी म्हणाली. "उपासाचं कधी बाधतं व्हय? आजाऱ्याला, बाळंतिणीला, समद्यांला चालतं."

रजिस्टर माझ्यासमोर उघडं होतं. मला काहीच खटकलं नाही. धान्य नाही, डाळ नाही, तिखट-मसाला नाही. उपवासाचं म्हणजे हलकं, सोवळ्यातलं. असं माझ्याही आईने मला लहानपणापासून भरवलं होतं.

"उपवासाला चालतं," मी म्हणालो. "खा दादा."

तो खायला बसला. पाच आठवड्यांत मी त्याला असं जेवताना पाहिलं नव्हतं. वाटी तोंडाला लावून आमटी प्यायला. म्हातारीने मलाही बळेबळे दोन घास खायला लावले. मी सकाळपासून चहावर होतो. आमटी फार चांगली झाली होती. ते सांगतानाही मला स्वतःची चीड येते.

१४४० वाजता म्हातारी उठली. निघताना तिने औटीच्या हातात आमसुलाची पुडी दिली. "आंगावर उटलंच कायी तर भिजवून लाव." मी तिला गेटपर्यंत सोडायला गेलो. वाटेत ती म्हणाली, "बोर्ड का काय ते, पास व्हईल ना बाबा?"

"होईल मावशी. पाच आठवडे एक ठिपका नाही."

१४५५ ला परत आलो. औटीची खाट रिकामी. शीख शिपाई म्हणाला, "बाथरूम गया. खुजली हो रही थी उसको. बोला, किसी को मत बताना."

बाथरूमचं दार आतून लावलेलं. आत नळ चालू.

"दादा?"

उत्तर नाही. पुन्हा हाक मारली. मग खांदा मारून कडी तोडली.

तो भिंतीला टेकून बसला होता. बनियन काढलेलं. डोक्यापासून पायापर्यंत गांधी एकमेकींत मिसळलेल्या, ओठ सुजून उलटे झालेले, श्वासाचा आवाज शिट्टीसारखा. छातीवर आमसुलाचं लाल पाणी ओघळत होतं. मूठ आवळलेली, मुठीत भिजलेली आमसुलं. बोर्ड उद्या होतं. रजिस्टरमध्ये निल राहावं म्हणून तो माझ्यापासून लपला होता. मी तपासायला येण्याआधी गांधी उतरतील असा त्याचा हिशोब असणार. आजवर त्या उतरतच आल्या होत्या.

१४५९, अॅड्रिनलिन अर्धा सीसी. ऑक्सिजन. वॉर्डबॉयला मेजर साहेबांना फोन करायला पाठवलं. १५०६, दुसरं इंजेक्शन. नाडी हाताला लागेना. १५०९ ला मेजर साहेब धावत आले. गुडघ्यावर बसले आणि वर न बघता विचारलं, "क्या खाया इसने?"

"कुछ नहीं सर. उपवास था."

मी खोटं बोलत नव्हतो. माझं तोंड आपोआप तेच बोललं. साहेबांनी गळ्यावर छेद घेतला, नळी घातली. १५२१ ला त्यांनी हात थांबवले. उठले, वॉर्डात आले आणि खाटेखालचा डबा त्यांना दिसला. त्यांनी बोट घालून तळ पुसला, वास घेतला.

"शिंदे. ये क्या है?"

मी सांगितलं. ते मला ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. खिडकीतला चटणीचा डबा घेऊन त्यांनी तोही हुंगला आणि मला विचारलं, की हा किती दिवस इथे आहे. मी म्हणालो, पहिल्या दिवसापासून.

जीपने म्हातारीला एस.टी. स्टँडवरून परत आणलं. तिची गाडी अजून लागली नव्हती. साहेब म्हणाले, "उसको सच बताओ. घर में बच्ची है. बाप को जो था, बेटी को भी हो सकता है. मूंगफली बंद."

मी दुभाषा होतो. साहेब समोर उभे होते आणि त्यांना एक अक्षर कळत नव्हतं. मी म्हणालो, "मावशी, दादांचं हृदय बंद पडलं."

ती त्याच्या पायापाशी बसली. बराच वेळ तळवे चोळत होती. मग म्हणाली, "उपाशी तर न्हाई ना गेला?"

"नाही मावशी. पोटभर जेवून गेला."

साहेबांनी विचारलं, "बताया?" मी मान हलवली.

रात्रभर मी दोषी नव्हतो असं स्वतःला पटवत होतो आणि सकाळी बोर्डाच्या यादीत त्याच्या नावावर लाल रेघ पाहिली. संध्याकाळी रजिस्टर पूर्ण करून दिलं. 'काय खाल्लं' या रकान्यात भगर, शेंगदाण्याची आमटी. पुढे माझा नंबर, रँक, नाव आणि 'परवानगी मी दिली'. चौकशी झाली. मला ताकीद मिळाली. एवढंच.

पण पोरगीचं राहिलं होतं. ते मला जेवू देईना. तेराव्याला मी दोन दिवसांची रजा काढून त्यांच्या गावी गेलो. अंगणात पाटा मांडला होता. म्हातारी दाणे वाटत होती, लेकाला आवडायची म्हणून नैवेद्याला तीच आमटी. पोरगी शेवंता शेजारी बसलेली.

"लई नखऱ्याची हाय," म्हातारी मला म्हणाली. "दाना तोंडात घातला की थुकती. तोंड खाजतं म्हनती."

मी तिथेच खाली बसलो आणि सगळं सांगितलं. यस सरपासून बाथरूमच्या दारापर्यंत. औटीची बायको दारात उभी राहून ऐकत होती.

म्हातारीचा हात पाट्यावर थांबला. "म्हंजी मीच घातलं."

"तुम्ही आणलं मावशी. चालतं मी म्हणालो. त्याने मला विचारलं होतं."

"तवा का न्हाई सांगितलं? तेरा दिस झालं. तेरा दिस ही पोर हितं बसती माझ्याजवळ."

ती उठली. पोरीचं तोंड बोटाने आतून पुसलं, घरातल्या शेवटच्या हंड्यातलं पाणी घेऊन खळखळून धुतलं. मग पाटा उचलून घराबाहेर नेला आणि दाण्याचं गाडगं शेजारणीच्या दारात ठेवून आली. मी पाणीही न मागता निघालो.

शेवंताच्या लग्नाची पत्रिका मला आली तेव्हा मी हवालदार होतो. पत्ता कुणी शोधला माहीत नाही. गेलो. गावजेवणात कुठेही शेंगदाणा नव्हता. तेलसुद्धा करडीचं. वांग्याच्या भाजीला चव नाही म्हणून पंगतीत कुरकुर चालली होती. म्हातारी आचाऱ्याच्या चुलवणापाशी सकाळपासून बसून होती, हातात काठी, कुणाला पिशवी घेऊन आत येऊ देत नव्हती. मला पाहून तिने व्याह्यांना बोलावलं.

"हे मिल्ट्रीतलं शिंदे," ती म्हणाली. "ह्यांनी सांगितलं म्हून पोरगी हाय."

मी तिच्या पाया पडलो आणि मागच्या पंगतीत जाऊन बसलो. शिवरात्रीला मी अजून उपवास करतो. नायक ज्ञानदेव औटीसाठी करतो, आणि त्या दिवशी फक्त पाणी पितो, मेजर साहेबांना मी सांगितलं होतं तसं.